बंदुकीची सनद

शस्त्रास्त्रांविषयी मराठीत हल्ली जे विपुल लिहिले जाते त्यात एक प्रश्न, कोणते युद्ध, कोणी, कशासाठी आणि कोणाच्या भूमीवर केले याची चौकशी न करताच, हमखास विचारला जातो. तो म्हणजे अमुक बंदूक श्रेष्ठ की तमुक. पोर्तुगालने अंगोला, गिनी आणि मोझांबिक या आपल्या आफ्रिकेतील वसाहती राखण्यासाठी १९६१ पासून १९७४ पर्यंत जी लढाई चालविली तिच्या बाबतीत तर हा प्रश्न ठरलेलाच आहे: पोर्तुगीज शिपायाच्या खांद्यावरची जी-३ चांगली, की त्याच्यासमोर झुडपात दबा धरून बसलेल्या बंडखोराच्या हातची कलाश्निकोव्ह? मग नळीची लांबी, गोळीचा वेग आणि पल्ला यांचे कोष्टक मांडून निकाल दिला जातो, आणि निकाल देणाराचा कल ज्या बाजूस आधीपासून असेल त्याच बाजूस तो लागतो. ही तुलना अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ती गौण आहे. वसाहतीच्या युद्धातील हत्यार समजून घ्यावयाचे तर ते किती दूर मारा करते यापेक्षा, ते कोणत्या कागदावर कोणाची सही होऊन तेथवर पोचले आणि ज्याने ते वाहिले त्याच्याकडून त्याने काय वसूल केले, हे आधी पाहिले पाहिजे, आणि तसे पाहू लागले म्हणजे या युद्धाचे चित्र कोष्टकाहून बरेच निराळे दिसू लागते.

आरंभ तर बंदुकीने झालाच नाही. १९६१ च्या ४ फेब्रुवारीस लुआंडा येथील तुरुंगावर आणि पोलीस ठाण्यांवर जे लोक चालून गेले त्यांच्या हाती बहुतांशी कोयतेच होते. आणि त्यानंतर १५ मार्च रोजी उत्तर अंगोलातील कॉफीच्या मळ्यांवर जो हल्ला झाला त्यातही कोयता आणि नळाच्या तुकड्यापासून घरगुती भात्यावर बनविलेली ठासणीची बंदूक हीच मुख्य आयुधे होती. या हल्ल्यात गोऱ्या वसाहतवाल्यांची बायकामुले मारली गेली आणि दक्षिणेकडून कंत्राटावर आणलेले आफ्रिकी मजूरही मारले गेले, हे लपवून स्वातंत्र्ययुद्धाचे स्तोत्र गाणे मला मान्य नाही. त्याचा सूड म्हणून वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी, लष्कराने आणि विमानांनी पुढील काही महिन्यांत जी कत्तल केली तिच्यात मेलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती आणि लाखाहून अधिक लोक सरहद्द ओलांडून कांगोत गेले, हेही तितकेच खरे. मळ्यात दिवसभर कॉफीची झुडपे साफ करणारे अवजार रात्री शस्त्र झाले, तेव्हा लिस्बनच्या दफ्तरांत त्याची नोंद शस्त्र म्हणून नव्हती. ज्या सरकारने प्रत्येक बंदुकीची खानेसुमारी केली होती त्याला कोयत्यांची खानेसुमारी करावी असे कधी सुचले नव्हते.

पोर्तुगीज शिपाई तरी त्या वेळी फार निराळा सजला होता असे नाही. त्याच्या हाती जर्मन घडणीची माउझर होती, जिचा खटका प्रत्येक गोळीगणिक हाताने मागे ओढावा लागे. ती दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या नमुन्याची होती. तिची जागा जी-३ ने घेतली. जर्मनीच्या पराभवाच्या अखेरच्या महिन्यांत माउझर कारखान्यातील अभियंत्यांनी आखलेली एक रचना, महायुद्धानंतर त्या अभियंत्यांबरोबर प्रथम फ्रान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये गेली, फ्रँकोच्या राजवटीत तिने रायफलीचा आकार घेतला, तेथून ती पुन्हा पश्चिम जर्मनीत आली, १९५९ मध्ये त्या देशाच्या नव्या सैन्याने तिचा स्वीकार केला, आणि लवकरच परवाना घेऊन ती लिस्बनच्या ब्रासु द प्राता येथील लष्करी कारखान्यात तयार होऊ लागली. एका हुकूमशाहीच्या विनाशकाळी जन्मलेली, दुसरीत वाढलेली आणि तिसरीच्या सेवेस रुजू झालेली ही बंदूक वसाहतीतल्या मोहिमेवर निघाली, तेव्हा तिची सर्व कागदपत्रे मात्र एका लोकशाही राष्ट्राच्या शिक्क्याची होती.

ही बंदूक मजबूत होती, अचूक होती, आणि वाहणाराला जड होती. तिच्या पेटीत २० काडतुसे मावत, कलाश्निकोव्हच्या पेटीत ३०. जी-३ च्या एका काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम, तर दुसरीच्या काडतुसाचे सुमारे १६. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. गिनीच्या खाजणात कमरेइतक्या चिखलातून दिवसभर चालणाऱ्या, पाठीवर पाणी, शिधा आणि दारूगोळा घेतलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाला तो खांद्याच्या हाडाने मोजावा लागे. चारशे मीटरवरील माणूस टिपण्याची तिची कीर्ती. पण ज्या रानात वीस पावलांपलीकडचे दिसत नाही तेथे चारशे मीटरांचे कौतुक कोणाला? तिच्या नळीच्या बुडाशी, काडतूस बसते त्या घरात, उभ्या खाचा कोरलेल्या असत, आणि त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रिकाम्या पुंगळीवर काजळीच्या काळ्या रेघा उमटत. पायवाटेवर पडलेली अशी पुंगळी उचलली की येथून कोण गेले आणि कोणी गोळी झाडली हे ओळखणे अवघड नव्हते.

परंतु ज्यांनी त्या वाटा तुडविल्या त्यांच्या भीतीचा मुख्य विषय कोणतीच बंदूक नव्हती. तो जमिनीखाली होता. उत्तर मोझांबिकमध्ये मुएडाच्या पठाराकडे रसद घेऊन जाणारा ताफा निघाला म्हणजे सर्वांच्या पुढे काही शिपाई पायी चालत. त्यांच्या हाती लांब लाकडी काठी आणि तिच्या टोकाला लोखंडी अणकुची असे, आणि रस्त्याच्या चाकोरीतील माती ते हाताहातावर टोचून पाहत. त्यांना पिकादोर म्हणत. धातू हुडकणारी यंत्रे नव्हती असे नाही. पण सोव्हिएत बनावटीचे कित्येक सुरुंग लाकडी खोक्यात भरलेले असत, त्यांत धातू असे तो नावापुरता, आणि यंत्र त्यावरून मुकाट्याने पुढे सरके. म्हणून उरली काठी आणि मनगटाला येणारी जाणीव: कुजलेले मूळ टोचले की निराळे लागते, दगड टोचला की निराळे, फळी टोचली की निराळे. पिकादोरांच्या मागून एक मालमोटार येई, जिच्या पाठीवर वाळूची पोती रचलेली असत आणि जिचे काम माल वाहण्याचे नसून, त्यांच्या काठीतून सुटलेला सुरुंग आपल्या चाकाखाली फोडून घेण्याचे असे. शिपायांनी तिला सुरुंगफोडी या अर्थाचे नाव दिले होते. तिच्या चालकाच्या पायाखालीही पोतीच. युरोप-अमेरिकेच्या एका सैन्यसंघटनेचा संस्थापक सभासद असलेले राष्ट्र, जर्मन रायफल, फ्रेंच हेलिकॉप्टर आणि फ्रेंच आराखड्याच्या बर्लिए मोटारी घेऊन, एका काठीच्या वेगाने पुढे सरकत होते.

आता त्या सहीच्या कागदाकडे, म्हणजे बंदुकीच्या सनदेकडे वळतो, जिच्यासाठी हा सारा प्रपंच. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या संघटनेत होते आणि तिच्या सभासदांनी परस्परांस दिलेली शस्त्रे उत्तर अटलांटिकच्या संरक्षणासाठी होती. गिनीच्या खाड्या किंवा मोझांबिकचे पठार त्या कक्षेत येत नव्हते. अमेरिकेने या अटीवर बोट ठेवले तेव्हा गिनीत नेलेली एफ-८६ विमाने पोर्तुगालला १९६४ मध्ये परत न्यावी लागली. परंतु अझोर्स बेटांवरचा विमानतळ अमेरिकेला हवा होता, त्याच्या कराराची मुदत संपत आली होती, आणि १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालच्या विरुद्ध मत देणाऱ्या वॉशिंग्टनचा आवाज त्या वाटाघाटींत उत्तरोत्तर मऊ होत गेला. पश्चिम जर्मनीने १९६५-६६ च्या सुमारास फियाट जी-९१ जातीची ४० विमाने विकली, ती पोर्तुगालच्या भूमीतच वापरण्याच्या अटीवर. आणि ती गिनीतील बिसाऊच्या विमानतळावर उतरली तेव्हा लिस्बनचे उत्तर तयार होते, की बिसाऊ ही पोर्तुगालचीच भूमी आहे. हे उत्तर आपणास ऐकल्यासारखे वाटेल, कारण ते आपण खरोखरच ऐकले आहे. १९५१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने वसाहतींचे नाव बदलून त्यांस सागरपारचे प्रांत म्हटले, आणि गोवा, दमण व दीव हे पोर्तुगालचे अविभाज्य अंग आहेत हा युक्तिवाद त्याच दुरुस्तीच्या आधाराने जगभर केला गेला. मांडवीच्या तीरावर जी कायदेशीर कल्पित कथा डिसेंबर १९६१ मध्ये मोडून पडली, तीच गिनीत पुढची बारा वर्षे विमानांची आयात करीत राहिली.

गोव्याचा आणि या युद्धाचा संबंध एवढ्यावर संपत नाही. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती येथील पोलीस चौकीवर हल्ला करताना जखमी होऊन पकडले गेलेले मोहन रानडे, लिस्बनजवळच्या काशियाश येथील किल्ल्याच्या तुरुंगात, गोवा मुक्त होऊनही १९६९ च्या जानेवारीपर्यंत अडकून पडले होते. त्याच तुरुंगात पोर्तुगालमधील सालाझारविरोधी मंडळीही कोंडलेली होती. आणि लष्करी दृष्टीने पाहावे तर गोव्यातील शिबंदी ही सुमारे साडेतीन हजार शिपायांची, लढाऊ विमाने नसलेली, मोजक्याच जुनाट विमानविरोधी तोफांवर विसंबलेली फौज होती. तिला विजय अथवा मृत्यू यांखेरीज तिसरा पर्याय नाही असा हुकूम सालाझारने तारेने पाठविला, आणि गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबर रोजी शरणागतीवर सही करून हजारो माणसांचे प्राण वाचविले तेव्हा त्यांना नि त्यांच्या काही अधिकाऱ्यांना पुढे बडतर्फ करण्यात आले. ज्याने शस्त्रे दिली नाहीत त्याने शौर्य मागावे आणि ते न मिळाल्याबद्दल शिक्षा द्यावी, हा न्याय पोर्तुगीज सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी नीट लक्षात ठेवला. बारा वर्षांनी तो त्यांच्या कामी आला.

दुसऱ्या बाजूची सनदही स्वच्छ कागदाची होती असे समजण्याचे कारण नाही. गिनीच्या मुक्तिसंघटनेचा नेता अमिल्कार काब्राल हा कृषितज्ज्ञ. १९५३ मध्ये सरकारी नोकर या नात्याने त्याने त्या देशाची शेतीगणना केली होती, आणि कोणत्या गावी कोणत्या जमातीचे लोक भात पिकवितात, कोठे भुईमूग सक्तीने लावला जातो, कोठे खाजणाचे बांध फुटले आहेत, हे त्याला कोणत्याही सेनापतीपेक्षा अधिक ठाऊक होते. आपले लोक हे हाती शस्त्र घेतलेले कार्यकर्ते आहेत, लष्करी पेशाचे नव्हेत, असे तो वारंवार बजावीत असे. त्यांची शस्त्रे सोव्हिएत रशिया, चेकोस्लोव्हाकिया व चीन येथून येत, शेजारी देशाच्या कोनाक्री बंदरात उतरत, आणि तेथून सरहद्दीपलीकडे माणसांच्या डोक्यावरून जात. क्यूबाचे डॉक्टर आणि तोफखान्याचे जाणकार मदतीस होते. स्वीडनने १९६९ पासून शस्त्रे सोडून इतर सर्व, म्हणजे औषधे, धान्य, शाळेचे साहित्य, असे पुरविले. मॉस्कोने हे औदार्य केवळ न्यायबुद्धीने दाखविले असे मानण्याइतके भोळे आपण होऊ नये. फरक इतकाच, की या बाजूस शस्त्र कोणाविरुद्ध वापरले जाणार याविषयी देणारा आणि घेणारा यांच्यात खोटे बोलण्याची गरज नव्हती.

१९७३ च्या मार्चमध्ये गिनीत जे घडले त्याचा दाखला शस्त्रांचे चाहते नेहमी देतात, आणि तो देण्याजोगा आहे. विमानाच्या धुरांड्यातील उष्णतेचा माग काढीत जाणारे स्ट्रेला नावाचे, सुमारे १५ किलो वजनाचे, एका माणसाने खांद्यावरून सोडावयाचे क्षेपणास्त्र बंडखोरांच्या हाती आले. क्रिमियात शिकून आलेल्या तरुणांनी २५ मार्च रोजी पहिले फियाट पाडले, तीन दिवसांनी दुसरे, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाच विमाने गेली. संख्या मोठी नव्हे. वैमानिक पुढे झाडांच्या शेंड्यांलगत उडण्यास शिकले, विमाने पुन्हा निघूही लागली. मग एवढा परिणाम कशाने झाला? रानातील ठाण्यावरच्या शिपायाचा सारा धीर एका गोष्टीवर उभा होता: सुरुंगावर पाय पडला तरी थोड्याच वेळात हेलिकॉप्टर येईल, त्यातून हवाई छत्रीधारी दलातील परिचारिका उतरेल, आणि आपण बिसाऊच्या इस्पितळात असू. वैमानिकांचे पाय आखडले, हेलिकॉप्टर केव्हा येईल याचा भरवसा उरला नाही, आणि त्या दिवसापासून तीच जी-३, त्याच २० काडतुसांची पेटी, तेच ठाणे, सर्व काही तेच असून शिपाई मात्र तो राहिला नाही. स्ट्रेलाने पाच विमाने पाडली हे कोष्टकात लिहिता येते. तिने एक वचन मोडले, त्यासाठी कोष्टकात रकाना नाही.

त्यानंतर दक्षिण सरहद्दीवरील गिलेजे या ठाण्यावर उखळी तोफांचा असा मारा सुरू झाला की पाणी आणण्यास बाहेर पडणेही दुष्कर झाले, कुमक येईना, आणि २२ मे रोजी तेथील मेजरने आपले शिपाई आणि गावातील शेकडो स्त्रीपुरुष घेऊन पायी ठाणे सोडले. त्याला अटक झाली. गोव्याची स्मृती लष्करात त्या उन्हाळ्यात सर्वत्र जागी झाली यात नवल नाही: सालाझारच्या जागी आलेले पंतप्रधान कायतानु यांनी गिनीच्या बाबतीत तडजोडीपेक्षा सन्मान्य लष्करी पराभव पत्करू असे सेनापती स्पिनोला यांस सांगितले होते, आणि तो पराभव कोणाच्या माथी मारला जाणार हे कॅप्टनांस वासालु इ सिल्व्हा यांच्या उदाहरणावरून ठाऊक होते. त्यांची चळवळ मात्र सुरू झाली ती तत्त्वावरून नव्हे, तर जुलै १९७३ मध्ये निघालेल्या बढत्यांच्या एका हुकुमावरून, ज्याने तात्पुरत्या भरतीच्या अधिकाऱ्यांना कायम अधिकाऱ्यांच्या वर चढण्याची सोय केली होती. इतिहासाला अशा क्षुद्र दारातून आत येण्याची खोड आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी पहाटे जे रणगाडे आणि ज्या जी-३ लिस्बनच्या रस्त्यांवर आल्या त्यांनी ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात उलथविली. तोवर ८ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मेले होते, सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के हिस्सा लष्कराकडे जात होता, आणि लाखो तरुण भरती चुकवून किंवा पोटासाठी फ्रान्सला निघून गेले होते. केवळ शस्त्रे कमी पडली म्हणून हे युद्ध हरले असे म्हणता येत नाही.

ज्यांचा हिशेब कोणीच ठेवला नाही त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. अखेरच्या वर्षांत पोर्तुगालच्या बाजूने लढणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे आफ्रिकीच होती; गिनीतील आफ्रिकी कमांडो हे तर त्या सैन्याचे सर्वांत कडवे दल. पोर्तुगीज सैन्य परत गेले तेव्हा बंदुका परत घेतल्या गेल्या, पावत्या झाल्या, आणि ज्यांनी त्या परत केल्या त्यांपैकी अनेकांस गिनीच्या नव्या सरकारने गोळ्या घातल्या. लिस्बनने त्यांना नागरिक म्हटले होते, प्रांताचे रहिवासी म्हटले होते. जहाजात जागा मात्र दिली नाही.

मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर आजही पुस्तक, कुदळ आणि संगीन लावलेली कलाश्निकोव्ह आहे. २००५ मध्ये ती काढून टाकावी म्हणून नव्या चित्रांची स्पर्धा झाली, आणि सरकारने अखेर जुनेच चित्र ठेवले. ती ठेवावी या पक्षाचा मी आहे. पण वीरगाथा म्हणून नव्हे. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत सुरू होऊन १९९२ पर्यंत चाललेल्या यादवीत हीच बंदूक दोन्ही बाजूंनी आपल्याच लोकांवर चालली, आणि त्यानंतर तेथील ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने १९९५ पासून बंदूक आणून द्या नि कुदळ, शिवणयंत्र किंवा सायकल घेऊन जा अशी योजना चालविली. त्या तोडलेल्या बंदुकांतून शिल्पकार कान्हावातु याने २००१ मध्ये एक खुर्ची घडविली, जी आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. तिची पाठ दोन जुन्या पोर्तुगीज जी-३ ची आहे, बाकी अवयव निरनिराळ्या साम्यवादी देशांतील कारखान्यांचे, आणि आफ्रिकेत बनलेला एकही तुकडा तिच्यात नाही. शस्त्रसंग्रहालय कसे असावे याविषयी आपल्याकडे ज्यांना आस्था आहे त्यांनी ही खुर्ची पाहावी. तिच्या प्रत्येक हाडाचे गाव ठाऊक आहे.

आपला देश आता शस्त्रे विकत घेणाराच नव्हे तर विकणाराही झाला आहे. २०२३-२४ या वर्षात ही निर्यात २१ हजार कोटी रुपयांच्या वर गेली आणि त्या आकड्याचे स्वागत सर्व वृत्तपत्रांनी, या वृत्तपत्रासह, केले. दारूगोळ्याचे कारखाने आपल्या महाराष्ट्रातच खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथे आहेत, तेथे राबणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत, आणि त्यांच्या कौशल्याचा अभिमान वाटण्यात काही गैर नाही. परदेशी माल पाठविताना घेणाऱ्या सरकारकडून अंतिम वापराचा दाखला घेतला जातो. पश्चिम जर्मनीच्या बॉन येथील सरकारलाही असाच शब्द लिस्बनने दिला होता. तो दाखला कोण तपासतो, माल पोचल्यावर वर्षा-दोन वर्षांनी कोणी पाहणीस जाते काय, आणि घेणाऱ्या सरकारने आपली भूमी म्हणजे कोणती भूमी असे त्या कागदात लिहून दिले आहे, हे लोकसभेत विचारले गेले पाहिजे. आणि ते ज्यांच्या मतदारसंघात ही काडतुसे भरली जातात त्या खासदारांनी आधी विचारावे.